ग्रुपला कुलूप आणि पर्सनलवरचे मेसेज

सोसायटीच्या सचिवाने कोणती कामे करावीत याची यादी उपविधींत आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळणे हे काम त्या यादीत नाही, तरी गेल्या चार वर्षांत इतिवृत्त लिहिण्यात गेला नसेल एवढा वेळ माझा त्यात गेला आहे. आमच्या तीन इमारतींत मिळून ११२ सदनिका आहेत. मालक, त्यांचे जोडीदार, काही भाडेकरू आणि घर विकून गेले तरी ग्रुप न सोडलेले जुने शेजारी असे सगळे धरून ग्रुपवर १९० च्या आसपास लोक होते. त्यांतल्या अकरा जणांकडे अ‍ॅडमिनचे अधिकार होते आणि ते त्यांना कोणी व कधी दिले हे त्या अकरांपैकी एकालाही सांगता येईना.

सर्वात मोठी अडचण ग्रुप सुरू करणाऱ्या गृहस्थांची होती. त्यांनी सदनिका विकून तीन वर्षे झाली होती, ते दुसऱ्या शहरात राहत होते आणि तरीही आमच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. ज्याने ग्रुप काढला त्याला इतर अ‍ॅडमिन काढून टाकू शकत नाहीत, अशी तरतूद व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये केली. कोणी मागाहून अ‍ॅडमिन होऊन मूळ माणसालाच हाकलू नये हा तिचा हेतू योग्यच आहे. परंतु सोसायटीत पदाधिकारी बदलतात, माणसे घरे विकतात, आणि ग्रुपची मालकी मात्र पहिल्याच माणसाला चिकटून राहते. गृहस्थ सज्जन होते, त्यामुळे काही बिघडले नाही. फक्त दर दिवाळीला त्यांच्या नव्या गावच्या एका फराळ विक्रेत्याची जाहिरात आमच्या ग्रुपवर येत असे.

मी सचिव झालो त्या वर्षी पार्किंगवरून ग्रुपवर मोठे भांडण झाले. दोन सदस्यांनी एकमेकांच्या गाड्यांचे फोटो टाकले, मग तिसऱ्याने दोघांच्या थकीत देखभाल शुल्काचा विषय काढला, आणि रात्री अकराला मी ग्रुपला कुलूप लावले. म्हणजे ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग चालू केली. ग्रुपवर शांतता पसरली. मात्र तीच चर्चा आता माझ्या फोनवर एकेकट्याने सुरू झाली. टँकर कधी येणार हा प्रश्न ग्रुपवर एकदा विचारला गेला असता, त्याचे उत्तरही एकदाच द्यावे लागले असते. आता तो मला पंचवीस जणांनी वेगवेगळा विचारला. शिवाय त्याच आठवड्यात बी विंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत एक आजोबा होते, आणि त्यांच्या सुनेला ग्रुपवर एक ओळ टाकण्याचीही सोय नव्हती. तिने वॉचमनला हाका मारून माणसे गोळा केली. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कुलूप काढले.

कुलपाने फार तर लिहिण्याचा अधिकार आवरता येतो. ग्रुपवर दिसणारा नंबर कोणाच्या हाती जातो हा प्रश्न निराळा आहे आणि त्याकडे आम्ही कोणीच लक्ष दिले नव्हते. जुन्या मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना ‘व्यनि’ हा शब्द आठवत असेल. व्यक्तिगत निरोप पाठवायचा तर तो संकेतस्थळाच्या आतूनच जाई, समोरच्याचा फोन नंबर कळण्याचा प्रश्नच येत नसे, आणि कोणी त्रास देऊ लागला तर चालकांना त्याचे खाते बंद करता येई. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मात्र सदस्य झाल्याबरोबर तुमचा नंबर सर्वांपुढे येतो आणि त्यावर बोट ठेवले की थेट पर्सनलवर लिहिता येते. तेथे काय लिहिले जाते हे अ‍ॅडमिनला दिसत नाही, आणि ते दिसू नये हेच बरोबर आहे. पण याचा अर्थ असा की ज्या दारातून त्रास होऊ शकतो त्या दाराची किल्ली अ‍ॅडमिनकडे नसते.

चौथ्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या एका मुलीला मी स्वतः ग्रुपवर घेतले होते. साधारण महिनाभराने तिने मला आपला फोन दाखवला. आमच्याच एका सदस्याचा पहिला मेसेज पार्किंगच्या स्टिकरविषयी होता, दुसरा ‘काही लागले तर सांगा’ असा होता, आणि त्यानंतर रोज रात्री साडेदहाच्या पुढे ‘जेवण झालं का?’ सुरू झाले होते. तिने दोनदा ‘कृपया मेसेज करू नका’ असे स्पष्ट लिहिले होते, तरी त्याखाली तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच जेवणाचा प्रश्न होता. तिच्या परवानगीने अध्यक्ष आणि मी त्या सदस्याच्या घरी गेलो आणि समोर बसवून सांगितले की, स्त्रीने नको म्हटल्यावरही वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकतो आणि तक्रार करायची की नाही हे ती ठरवील. त्याला आम्ही ग्रुपमधून काढलेही. परंतु ग्रुपमधून माणूस काढला म्हणून त्याच्या फोनमधला नंबर पुसला जात नाही. अखेर तिलाच त्याला ब्लॉक करावे लागले. ती मुलगी ग्रुपवर आली ती माझ्यामुळे. घेण्यापूर्वी तुमचा नंबर १९० लोकांना दिसेल, चालेल का, एवढे मी तिला विचारले नव्हते.

अ‍ॅडमिनची कायदेशीर जबाबदारी किती, हा प्रश्न त्यानंतर समितीत निघाला. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दाखवल्याशिवाय सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला दोषी धरता येणार नाही, कारण सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे नसते. आमच्या एका समिती सदस्याने हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकला. मला त्यात तितका दिलासा वाटत नाही. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी पुसता येतो, २०२३ पासून नव्या सदस्याला मंजुरी देऊन मगच आत घेता येते. म्हणजे हाती काही नव्हते असे म्हणण्याची जागा थोडी आकसली आहे. मी वकील नाही, पण माझ्या मते शेजाऱ्यापुढचे उत्तरदायित्व कोर्टाच्या निकालापुरते नसते.

आम्ही शेवटी कम्युनिटी काढली, म्हणजे अनेक गट एकाच छत्राखाली ठेवण्याची व्हॉट्सअ‍ॅपची सोय वापरली. तिच्या सूचना गटात फक्त अ‍ॅडमिन लिहितात आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ते अ‍ॅडमिनला आणि ज्यांच्या फोनमध्ये ते आधीच साठवलेले आहेत त्यांनाच दिसतात. पाणी, लिफ्ट, सभेची सूचना हे सगळे तेथे येते. चर्चेचा गट वेगळा आहे, तेथे नंबर दिसतात हे सांगून ज्याला यायचे त्यालाच घेतले जाते, आणि तो गट रात्री अकरालाही उघडाच असतो, कारण लिफ्ट वेळ पाहून अडकत नाही. भांडणारा मेसेज पुसायचा की नाही हे दोन अ‍ॅडमिननी मिळून ठरवायचे, आणि पुसला तर का पुसला हे त्या सदस्याला पर्सनलवर कळवायचे, असे ठरले आहे. याचा कंटाळा येतो, तरी एकट्याने पुसलेल्या मेसेजवरून होणारे भांडण त्याहून लांबते.

ही कम्युनिटी माझ्या नंबरवरून काढलेली नाही. सोसायटीच्या नावे सिम घेतले, समितीच्या कपाटातला एक जुना फोन त्याला दिला, आणि टँकरचे प्रश्न आता त्या फोनवर येतात. पुढच्या निवडणुकीत मी सचिव राहणार नाही. पदभार देताना काय काय सोपवायचे याच्या यादीत दप्तर, शिक्के आणि चेकबुकाखाली त्या फोनचा पिन बदलणे आणि माझे अ‍ॅडमिनपद काढणे या दोन ओळी मी आताच लिहून ठेवल्या आहेत.