हेलन केलर यांच्या शिक्षिकेची पत्रे

आजची सुट्टी हेलन केलर यांच्या आत्मचरित्राला जोडून छापलेली ॲन सलिव्हन यांची पत्रे वाचण्यात गेली. अवघ्या १९ महिन्यांच्या वयात दृष्टी आणि श्रवण गमावलेल्या हेलनला शिकवण्यासाठी मार्च १८८७ मध्ये त्या अलाबामातील टस्कंबिया या गावी पोहोचल्या, तेव्हा त्या स्वतः जेमतेम २० वर्षांच्या होत्या. खुपरीने त्यांची नजर लहानपणीच अधू केली होती आणि बालपणाची काही वर्षे त्यांनी निराधारांच्या आश्रयगृहात काढली होती.

पंपाच्या पाण्याखाली हात धरून हेलनला पहिल्यांदा शब्दाचा अर्थ उमगल्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यानंतरचा ॲन यांचा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. तान्ह्या मुलाशी आपण पूर्ण वाक्यांत बोलतो, त्याला सगळे कळण्याची वाट पाहत नाही. मग हेलनशी तरी सुट्या शब्दांतच का बोलावे, असा विचार करून त्यांनी ठरावीक वेळेचे पाठ सोडले आणि दिवसभर तिच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी, एकेक अक्षर करत, संपूर्ण वाक्ये सांगायला सुरुवात केली. (आपल्या शाळांतील वेळापत्रकनिष्ठ मंडळींनी हे जरूर वाचावे.)

हेलनची जिद्दही विलक्षण होतीच, पण रॅडक्लिफ महाविद्यालयातील व्याख्याने तिच्या हातावर उतरवून देताना आणि तासन्‌तास पुस्तके वाचून दाखवताना ॲन यांनी आपली अधू नजर पणाला लावली, हे सहसा कोणी सांगत नाही. १९०४ साली हेलन सन्मानाने पदवीधर झाल्या. ॲन यांना मानद पदवी मिळण्यास १९३२ साल उजाडले.