सावलीपुरती जागा

मे महिन्यात नागपुरात सिग्नलला गाड्या पांढऱ्या पट्टीशी थांबत नाहीत. पट्टीच्या तीस-चाळीस फूट मागे एखादा कडुनिंब असतो. त्याच्या सावलीत सगळ्या स्कूट्या एकमेकींना खेटून उभ्या, आणि पुढचा रस्ता मोकळा. दुपट्ट्यातून फक्त डोळे बाहेर, हात हातमोज्यांत. बाहेरगावचा एखादा शहाणा मोकळी जागा बघून पुढे जातो आणि दिवा हिरवा होईपर्यंत एकटाच भाजत राहतो. त्याला कुणी हसत नाही. कीव येते.

सावलीचं हे गणित आमच्या अंगात इतकं मुरलंय, की ते आपल्याला येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. कळलं ते थेट अमेरिकेत, एका दगडी कमानीखाली.

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे डेन्व्हरला होतो. तिथून गाडीने सहा तासांवर यूटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे आणि गावाला लागूनच आर्चेस नॅशनल पार्क. लाल वाळूच्या दगडात आपोआप तयार झालेल्या दोन हजारांहून जास्त कमानी एकाच ठिकाणी. जावईबापूंनी बेत चोख आखला होता : सातला चढायला लागायचं, ऊन तापायच्या आत गाडीत. ह्यांनी तो हसण्यावारी नेला.

"तापमान किती म्हणता? तेहतीस? तेहतीसला आम्ही कूलरची ताटीसुद्धा बदलत नाही."

मग ४७.९ निघालं. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा तिथपर्यंत गेला होता, आणि आमचे हे तो आकडा पोराचे बारावीचे मार्क सांगावेत तसे सांगतात. दशांशानंतरचा नऊ कधी विसरत नाहीत. त्यात आदल्या संध्याकाळी आम्ही 'फायरी फर्नेस' लांबून बघितलं होतं. नाव पेटत्या भट्टीचं, पण ते मावळतीला दगड लालभडक दिसतात म्हणून. आत उंच भिंतींमधल्या अरुंद बोळांत दिवसभर सावली आणि गारवाच असतो, असं लेकीने सांगितलं. "बघ, ह्यांची भट्टीसुद्धा थंड," असा निकाल देऊन हे झोपले. सकाळी दोनदा चहा झाला. आम्ही चढायला लागलो तेव्हा दहा वाजले होते.

वाट डेलिकेट आर्चची. जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर, चढ पाचशेक फुटांचा. सुरुवातीलाच माणशी दोन लिटर पाणी घ्या, अशी पाटी. ("दोन लिटर तर आपला कूलर पाच मिनिटांत पितो.") पाटीपासून थोडं पुढे लाकडी ओंडक्यांची एक ठेंगणी खोली आहे. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा, यादवी युद्धात पायाने अधू झालेला एक शिपाई १८९८ मध्ये ओहायोहून इथे येऊन राहिला, मुलाला घेऊन. पुढे १९०६ मध्ये त्याची लेक बिऱ्हाडासकट आली, बापाचा संसार बघून हादरली आणि खाली लाकडी फळ्यांची जमीन असलेली नवी खोली बांध म्हणून मागे लागली. ती ही खोली. मी आत डोकावले. एवढ्याशा जागेत सहा माणसं. बाईने जमिनीचाच हट्ट का धरला असेल, हे मला लगेच कळलं. तिकडे सारवायची रीत नाही, आणि वाळू तर दिवसातून दहा वेळा झाडावी लागत असणार.

नंतर झाडं संपली. म्हणजे जी काही गुडघ्याएवढी जुनिपरं होती, तीही संपली आणि सगळा डोंगर म्हणजे एकच एक उघडा दगड. शिखर दिसत नाही, पायवाट नाही. वाट म्हणून अधूनमधून चपट्या दगडांच्या चळती रचलेल्या. नातवाने पहिली चळत बघितली आणि "आजी, लगोरी!" म्हणून हातातली पाण्याची बाटली नेम धरून उगारली. लेक ओरडली. आदल्याच दिवशी त्याने वाटेबाहेरच्या काळपट, खरबरीत मातीवर पाय टाकला म्हणून बोलणी खाल्ली होती. त्या मातीचा तो पापुद्रा जिवंत असतो, सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी विणलेला, आणि एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. तिथे पाऊल ठेवायचं नाही, इथे लगोरी फोडायची नाही. सहा वर्षांच्या पोराने करायचं तरी काय?

अर्ध्या चढावर आमच्या ४७.९ ची बोलती बंद झाली. हे थांबले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मला लगेच कळलं, हे कडुनिंब शोधताहेत.

"घाम तर येतच नाहीये," हे म्हणाले, पण आवाजात आता ती ऐट नव्हती. शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. घाम येत होता, पण कोरड्या हवेत दिसायच्या आत उडत होता.

"बाबा," लेक म्हणाली, "आत्ता तुम्हीच कूलर आहात. टाकीत पाणी टाका."

ते मुकाट्याने बाटलीभर पाणी प्यायले. मी मनात हिशेब केला. चाळीस वर्षांच्या संसारात मे महिन्याच्या दुपारी बारा ते चार हा माणूस घराबाहेर किती वेळा पडला असेल? लग्नसराईत दोन-तीनदा, एकदा दवाखान्यात, आणि त्याही वेळी खिशात कांदा, डोक्याला पंचा, पोटात पन्हं. पहाटे अंबाझरीला चक्कर, अकराच्या आत भाजी, मग पडदे ओढून अंधार, संध्याकाळी सातनंतर माणसांत. सत्तेचाळीसची बढाई मारतो आम्ही, पण ते सत्तेचाळीस आम्ही आतून बघितलेलं, वाळ्याच्या ताटीआडून.

थोडं पाणी पोटात गेल्यावर ह्यांची तब्येत खुलली आणि त्यांनी दगडावर हात फिरवला. "हा तर आपल्या कामठीचा दगड!"

आता ह्यांची बी.एस्सी. भूगर्भशास्त्रातली, हिस्लॉप कॉलेजची. ज्या स्टीफन हिस्लॉपचं नाव त्या कॉलेजला आहे, तो स्कॉटिश मिशनरी नागपूरभर दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडायचा. सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची, पण कामठीकडे जमिनीखाली तांबूस वालुकाश्म आहे, आणि भूगर्भशास्त्रात त्या थरालाच 'कामठी' म्हणतात. तो सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. हा कमानींचा दगड जुरासिक काळातला, म्हणजे बराच धाकटा. "आपला थोरला निघाला," हे म्हणाले आणि त्या आनंदात पुढचा चढ न थांबता चढले.

मग त्या थोरल्याच्या कमानी का नाही झाल्या, असं मी विचारलं. उत्तर जावईबापूंकडे तयार होतं. या दगडाच्या खाली, खूप खोल, मिठाचा जाड थर आहे. तीसेक कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र पुन्हा पुन्हा आटून राहिलेलं मीठ. वरच्या ओझ्याने मीठ सरकलं, फुगलं, कुठे खचलं, आणि वरच्या दगडाला उभ्या समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावल्या की मध्ये उरतात त्या दगडाच्या पातळ भिंती. भिंतीत पाणी मुरतं, वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि एक एक कपचा निघत भिंतीला खिडकी पडते. वर्षाला आठ-दहा इंच पाऊस, आणि एवढं सगळं कोरीवकाम पाण्याचं. मला तर उन्हानेच हे दगड असे तडकवले असतील असं वाटत होतं. नागपूरच्या माणसाला दुसरं काय वाटणार?

हे काम अजून थांबलेलं नाही. तिथेच लँडस्केप आर्च म्हणून ३०६ फूट लांबीची कमान आहे, मध्यभागी अगदी वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी. १९९१ मध्ये तिचा साठ फुटांचा तुकडा खाली आला. वॉल आर्च तर २००८ मध्ये एका रात्रीत पूर्ण कोसळली.

शेवटचा दोनशे यार्डांचा टप्पा कड्याला चिकटून जातो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खोल. मी नातवाचा हात धरला, की त्याने माझा, ते ठरवायला नको. वळसा संपला आणि समोर दगडाचा एक भलामोठा वाडगा, त्याच्या पलीकडच्या काठावर एकटी उभी कमान. आतून ४६ फूट उंच. यूटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर इतक्यांदा बघूनही मी "अरे बाप्पा" एवढंच म्हणू शकले.

वाडग्याच्या अलीकडच्या काठावर पंधरावीस माणसं कॅमेरे घेऊन उन्हात बसलेली. कमानीखाली एकेक जण जाई, हात पसरून उभा राही, फोटो होई, पुढच्याचा नंबर. शिस्तीत. ह्यांचा नंबर आला. हे गेले, आणि कमानीच्या पायाशी सावलीची एक पट्टी पडली होती, तिथे फतकल मारून बसले. डोक्याचा पंचा सोडला, झटकला, परत बांधला. पिशवीतून डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या. आणि एक कांदा, जो मी डेन्व्हरहून निघताना नको म्हटलं होतं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. काठावरची माणसं वाट बघत होती. लेकीने कपाळाला हात लावला. शेवटी एक उंच गोरा गृहस्थ त्यांच्याजवळ गेला आणि वाकून काहीतरी नम्रपणे बोलला. सरकाल का, असंच विचारलं असणार. हे लगेच सरकले. दीड फूट. आणि मोकळ्या झालेल्या सावलीवर थाप मारून म्हणाले, "या, या, बसा."

तो गृहस्थ क्षणभर घुटमळला. मग बसला. पुरी घेतली. त्याची बायको आली, तिच्यामागून दोन तरुण पोरी. मी नातवाला घेऊन गेले, तेव्हा आम्हाला जागा करायला सगळे थोडे थोडे आत सरकले, गुडघ्याला गुडघा लावून. समोरचा अख्खा वाडगा लखलखीत मोकळा. पांढरी पट्टी तेवढी नव्हती.