मोबाइल हॅक झाल्याच्या खुणा नेमक्या कुठे शोधाव्यात

उन्हाळा लागला की ओळखीपाळखीतल्या लोकांचे प्रश्न येऊ लागतात: फोन तापतो आहे, बॅटरी दुपारीच संपते, तर तो हॅक झाला असेल का? बहुतेक वेळा तसे नसते. दोन-तीन वर्षे वापरलेल्या फोनची बॅटरी थकलेली असते, उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला फोन तापतोच, आणि फोटो-व्हिडिओंनी जागा भरत आली की तो मंदावतोही. तरीही याच खुणांच्या याद्या सगळीकडे फिरत राहतात. त्यामुळे ज्यांचा फोन धडधाकट आहे ते घाबरतात, आणि ज्यांचा फोन खरोखर दुसऱ्याच्या ताब्यात गेला आहे ते निर्धास्त राहतात, कारण आपल्याकडे आज ज्या पद्धतीने सामान्य माणसाचा फोन लुटला जातो त्या पद्धतीत फोन तापेलच किंवा अडखळेलच असे मुळीच नाही.

ती पद्धत आधी समजून घेतली पाहिजे. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. कधी तिचे नाव ‘आरटीओ ई-चलान’ असते, लग्नसराईत ती निमंत्रणपत्रिका बनून येते, शेतकऱ्याकडे पीएम किसानच्या नावाने येते, तर निवृत्त माणसाकडे बँकेच्या केवायसीच्या नावाने. नावाच्या शेवटी मात्र एपीके ही तीन अक्षरे असतात, म्हणजे तो कागद नसून अँड्रॉइड फोनवर बसवायचे ॲप असते. ते बसवताना फोन अनोळखी स्रोताचा इशारा देतो. पण दंडाची रक्कम पाहण्याच्या घाईत माणूस ‘परवानगी द्या’ दाबत जातो आणि त्या ओघात एसएमएस वाचण्याची परवानगीही देऊन टाकतो. त्यानंतर ॲपचे चिन्ह स्क्रीनवरून नाहीसे होते. माणसाला वाटते, फाइल उघडलीच नाही. प्रत्यक्षात त्या क्षणापासून त्याला येणारा प्रत्येक ओटीपी भामट्यांकडेही पोहोचू लागलेला असतो.

म्हणून पहिली खरी खूण म्हणजे ‘उघडलीच नाही’ अशी फाइल. आपण काही बसवले, ते दिसेनासे झाले आणि त्यातून काहीच निष्पन्न झाले नाही, तर ती गोष्ट विसरून जाऊ नये.

दुसरी खूण अनेकदा आपल्याला नव्हे, तर दुसऱ्यांना दिसते. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या क्रमांकावरून रात्री उशिरा ग्रुपवर तशीच चलानाची फाइल आली. ते स्वतः झोपले होते आणि सकाळी उठून पाहतात तो त्यांच्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद होऊन पुन्हा नोंदणी मागत होते. भामट्यांनी एसएमएसमधून सहा आकडी कोड वाचून त्यांचे खाते दुसऱ्या फोनवर सुरू केले होते. हा प्रकार असाच पसरतो, कारण ओळखीच्या माणसाकडून आलेल्या फाइलवर विश्वास बसतो. तेव्हा कोणी फोन करून ‘तुम्ही हे काय पाठवले आहे?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाकडे फोनमधल्या कोणत्याही इशाऱ्यापेक्षा अधिक गांभीर्याने पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

न मागता आलेले ओटीपी, व्यवहार होऊनही न आलेला बँकेचा एसएमएस, आपण न उघडताच वाचलेले दिसणारे संदेश, एसएमएससाठीचे मुख्य ॲप अचानक बदललेले असणे, ही सारी त्याच घराण्यातली लक्षणे आहेत.

यानंतर सेटिंग्जमध्ये जावे. तिथे सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे ॲक्सेसिबिलिटी. दृष्टिहीन व्यक्तींना स्क्रीन वाचून दाखवता यावी, हात नीट चालत नसलेल्यांना फोन वापरता यावा, यासाठी ही सोय केलेली आहे. त्यामुळेच तिची परवानगी मिळालेले ॲप स्क्रीनवरचे सगळे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणेही दाबू शकते. आपण चालू न केलेले काही तिथे चालू दिसले, तर शंकेला जागा उरत नाही. त्यातही सर्वांत बोलकी खूण अशी, की संशयित ॲप काढून टाकायला गेले की सेटिंग्जचे पान आपोआप बंद होते किंवा मागे जाते, कारण ते ॲपच ‘मागे’ हे बटण दाबत असते. अशा वेळी फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा. त्यात नंतर बसवलेली ॲप्स चालत नाहीत. मग डिव्हाइस ॲडमिनच्या, म्हणजे फोनवर खास अधिकार दिलेल्या ॲप्सच्या, यादीतून त्या ॲपचा अधिकार काढावा आणि नंतर ते काढून टाकावे. नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी कोणाकोणाला आहे तेही पाहावे. घातक ॲप्स शोधणारी प्ले स्टोअरमधली प्ले प्रोटेक्ट ही सोय कोणी बंद केली असेल, तर तीही एक खूणच.

काही वेळा फोनला हातही लागलेला नसतो, क्रमांकच पळवलेला असतो. घरातल्या दुसऱ्या फोनवर त्याच कंपनीचे नेटवर्क व्यवस्थित असताना आपल्याच फोनवरचे अचानक गेले आणि परतलेच नाही, तर आपल्या नावाने दुसरे सिम किंवा ई-सिम निघाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी नेटवर्क येईल म्हणून वाट पाहू नये. कॉल फॉरवर्डिंगचेही तसेच आहे. पार्सलवाला असल्याचे सांगून कोणी ताऱ्याच्या चिन्हाने सुरू होणारा कोड डायल करायला लावतो आणि आपले कॉल त्याच्याकडे वळतात; मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू येतो. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडीवर, म्हणजे असे कोड डायल करण्यावर, आधारित कॉल फॉरवर्डिंग थांबवण्याचा आदेश कंपन्यांना दिला होता, तरी *#२१# डायल करून आपले कॉल कुठे वळलेले नाहीत ना, हे पाहण्याची सवय चांगली. वळलेले असल्यास ##००२# ने ते रद्द करता येतात.

घरातल्या किंवा जवळच्या माणसाकडून होणाऱ्या पाळतीबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण कोणालाही न सांगितलेली गोष्ट, आपला जाण्यायेण्याचा मार्ग, मैत्रिणीशी झालेले बोलणे समोरच्याला वारंवार माहीत असणे, ही त्याची मुख्य खूण. व्हॉट्सॲपमधली लिंक केलेल्या उपकरणांची यादी, गूगल खात्यात दिसणारी उपकरणे आणि नकाशातले लोकेशन शेअरिंग या तीन जागा पाहाव्यात. मात्र नाते हिंसक असेल, तर पाळत लगेच बंद केल्याने ती करणाऱ्याला सुगावा लागतो आणि धोका वाढू शकतो. म्हणून आधी दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासातल्या व्यक्तीशी बोलावे.

पेगासस या फोनवर हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरची चर्चा २०२१ मध्ये झाली, तेव्हा पुष्कळांनी धास्ती घेतली होती. तसली हेरगिरीची साधने निवडक लोकांवर वापरली जातात आणि फोनच्या मालकाला दिसेल अशी खूण ती सहसा ठेवत नाहीत. आपल्याला धोका त्या चलानाच्या फाइलचा अधिक आहे.

खूण पटली, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफायही बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते आणि यूपीआय थांबवून घ्यावे आणि पैसे गेले असल्यास लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधीच ती गोठवता येते. पासवर्डही दुसऱ्याच उपकरणावरून बदलावेत. फोन रीसेट करण्याची घाई करू नये. त्या फाइलचे, ज्या क्रमांकावरून ती आली त्याचे आणि परवानग्यांच्या पानांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवावेत, कारण पोलिसांकडे गेल्यावर तेच मागितले जाते. रीसेट त्यानंतर करावा, आणि जुन्या बॅकअपमधून एपीके फाइल्स परत आणू नयेत.