तळहाताएवढा ऑक्टोपस

आज पहाटे बीडला घरी पोचलो पण डोळ्यापुढून ते डबकं काही जाईना. काल रत्नागिरीत ओहोटीला खडकात उतरलो होतो, घोट्याएवढंच पाणी, अन् एक दगड हलल्यासारखा वाटला म्हणून वाकून बघतो तर बारकुसा ऑक्टोपस!! तळहातावर मावेल एवढा, खडकासारखाच तपकिरी, माझी सावली पडली तसा झटक्यात पांढुरका झाला अन् फटीत सरकला, नुसता एक डोळा बाहेर, त्यातली बाहुली आडवी. एवढ्याशा जीवाला तीन हृदयं, रक्त निळं कारण त्यात तांबं असतं. पोरगी म्हणली बाटलीत घेऊ, मी नाही म्हणलं, त्याचं घरए ते. आईला फोटो दाखवला तर विचारती, खातो काय रे हा? खेकडे, आई.