रेड अलर्ट आणि शाळेची सुट्टी

आज पालकांच्या ग्रुपवर पावसाच्या सुट्टीवरून पुन्हा तोच वाद: ‘ठाण्याला सुट्टी, मग खारघरला का नाही?’ कारण साधं आहे. नवी मुंबईचा ऐरोली ते बेलापूर पट्टा ठाणे जिल्ह्यात, खारघर-कामोठे-पनवेल रायगडमध्ये. जिल्हाधिकारी वेगळे, आदेशही वेगळा. फॉरवर्ड आलं की आधी जिल्हा आणि तारीख बघा. मागच्या वर्षीचं पत्रही दर पावसाळ्यात फिरतं.

हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ११५.६ मिमीपासून अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. पण पाणी तुंबेल का हे कळायला आकडा एकटा पुरत नाही. नवी मुंबईत पावसाचं पाणी धारण तलावांतून, म्हणजे पाणी साठवून धरणाऱ्या तलावांतून, खाडीत जातं. भरतीला खाडीची पातळी चढली की झडपा बंद, पाणी आतच थांबतं. म्हणून पावसाच्या जोडीला भरतीची वेळ बघायची. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

माझ्या मते सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी आठला जाहीर होणारी सुट्टी. सातची शाळा भरलेली, बस परत गेलेली, आईबाप लोकलमध्ये. आदेश आदल्या संध्याकाळी निघाला तरच उपयोग. नाहीतर मुलं वर्गातच बरी, निदान कोरडी तरी राहतात!