वर्गात बसून कुणी उद्योजक होतं का?

हा प्रश्न मला पालक विचारतात, सहकारी विचारतात आणि विषय निवडायला आलेले विद्यार्थी तर हमखास विचारतात. विद्यापीठात मी उद्योजकताच शिकवते, तेव्हा एकदा नीट उत्तर देते.

शिकवल्याने विद्यार्थ्याचा स्वतःचा उद्योग सुरू करायचा इरादा बदलतो, पण तो दर वेळी वाढतोच असं नाही. माझ्या मते तो कमी झाला तरी अभ्यासक्रम वाया गेला असं होत नाही.

या क्षेत्रातलं बरंचसं संशोधन मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या १९९१च्या मांडणीवर उभं आहे. एखादी गोष्ट करायचा इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ती आपल्याला हवीशी वाटते का, जवळच्या माणसांना ती पटते का, आणि ती आपल्याला जमेल असा भरवसा आहे का. घरच्यांच्या मतापुढे शिक्षकाचं फारसं चालत नाही. भरवशाचं मात्र वर्गात खूप काही करता येतं, फक्त तो व्याख्यानांनी येत नाही. अनोळखी माणसाला आपली वस्तू विकायला जाणं, नकार ऐकणं, का नको ते विचारणं, परत येऊन किंमत आणि खर्चाचा हिशोब पुन्हा मांडणं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणं. हे केलेल्या मुलीच्या बोलण्यात जो ठामपणा येतो, तो शंभर पानी बिझनेस प्लॅन लिहून येत नाही.

आता निकालांकडे या. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांवरच्या २००७च्या एका अभ्यासात अभ्यासक्रमानंतर इरादा वाढलेला दिसला, आणि त्यात ज्ञानापेक्षा मिळालेल्या प्रेरणेचा वाटा मोठा होता. उलट २०१०मध्ये नेदरलँड्समधल्या आणि म्युनिकमधल्या अभ्यासांत इरादा सरासरीने घटला. २०१४मध्ये ७३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा शिक्षण आणि इरादा यांत लहानसा संबंध आढळला. पण विद्यार्थ्यांचा आधीचा इरादा हिशोबात धरल्यावर तोही ठळक राहिला नाही. हा विषय आपणहून घेणाऱ्यांत आधीपासूनच इच्छा असलेले बरेच असतात, हे विसरून चालत नाही.

म्युनिकचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. तिथे विषय सक्तीचा होता. आपल्याला हे मानवतं की नाही, याचा अंदाज विद्यार्थ्यांना त्यातून येत गेला. स्वतःची जमापुंजी आणि उमेदीची वर्षं घालण्याआधी एखाद्याला ‘हे माझं काम नव्हे’ हे कळलं, तर शिक्षकाने त्याचं मोठं भलं केलं असं मी मानते.

खटकतं ते वेगळंच. इरादा मोजायचा प्रश्नावलीने, तोही बहुतेक वेळा सत्र संपता संपता. अनेक जण आधी काही वर्षं नोकरी करतात, धंद्याची माहिती आणि ओळखी जमवतात आणि मग उडी घेतात. ते आपल्या आकड्यांत येतच नाहीत. म्हणून प्रत्येक विभागाने आपल्या माजी विद्यार्थ्यांशी निदान दहा वर्षं संपर्क ठेवावा, आणि सुरू करून बंद केलेल्यांनाही त्यात मोजावं, असा आग्रह मी सोडत नाही.