टाकीची झाकणं आणि आमचं दुकान: आमची वाटचाल

लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला आणि गावात कचेऱ्या आल्या, गाड्या वाढल्या. वडिलांनी औसा रोडला पत्र्याच्या शेडमध्ये स्पेअर पार्टचं दुकान टाकलं ते त्याच काळात. क्लच प्लेटा, पिस्टन, बेअरिंग असला जड माल भरायला भांडवल नव्हतं. तो मोठ्या दुकानदारांकडं होताच. वडिलांनी बारीक सामान धरलं: फॅन बेल्ट, होस पाइप, क्लिपा, वायसर, पॅकिंग आणि डिझेल-पेट्रोलच्या टाक्यांची झाकणं. यातल्या झाकणांनी आमचं नाव केलं. आजही निलंग्याचा किंवा रेणापूरचा मेकॅनिक गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना ‘झाकणवाल्यांकडं जा’ असंच म्हणतो.

एवढ्या लहान वस्तूवर दुकान कसं चाललं, हे कळायला सोयाबीनच्या राशीचे दिवस बघावे लागतात. मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर एका जागी उभा राहून तासन् तास चालतो आणि चहूकडं भुसा उडत असतो. टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं. जेवढं डिझेल इंजिन ओढतं तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे. भोक भुशानं बुजलं की टाकीत पोकळी धरते, डिझेल खाली उतरत नाही आणि ट्रॅक्टर गचके खात बंद पडतो. घटकाभर थांबलं की चालू होतो, पुन्हा बंद पडतो. मग फिल्टर बदल, एअर काढ, पंप खोल, असा खर्च सुरू होतो, आणि तिकडं रास तशीच पडून, आभाळ भरून आलेलं.

असा माणूस घाबराघुबरा दुकानात आला की वडील आधी विचारायचे, ‘मामा, झाकण उघडताना फुस्स करून हवा आत गेली का?’ गेली म्हटला की त्याला काही विकायचे नाहीत. झाकण काढून आणायला लावायचे, बारीक तारेनं भोक मोकळं करायचे, उलट बाजूनं फुंकर मारून हवा जाते का बघायचे आणि तसंच परत द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पुढं त्या माणसाचं सगळं सामान आमच्याकडून जायचं. धंदा उभा राहिला तो या भरवशावर, जाहिरात आम्ही कधी केली नाही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. गावात आणि खेड्यापाड्यात टँकर रात्रंदिवस पळत होते. फुफाट्याच्या रस्त्यावर धक्के खाऊन टँकरांच्या डिझेल टाकीच्या झाकणांचं पॅकिंग चेपायचं, साखळी तुटायची, झाकण कुठंतरी पडायचं, आणि ड्रायव्हर टाकीच्या तोंडावर चिंधी नाहीतर कॅरीबॅग सुतळीनं आवळून पुढं जायचा. चिंधीतून धूळ आणि धागे टाकीत जातात नि फिल्टर चोंदतो. कॅरीबॅग घट्ट बांधली तर हवाच बंद. त्या दिवसांत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवलं आणि झाकणाचा भाव एका रुपयानं वाढवला नाही. टँकर उभा राहिला तर एखाद्या वस्तीचं पाणी थांबतं, ही गोष्ट डोळ्यांसमोर होती.

पेट्रोल कारचं झाकण मात्र वेगळं प्रकरण आहे. डिझेल सहजी उडून जात नाही. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचते. मराठवाड्यात मे महिन्यात गाडी उन्हात उभी असली की टाकीत वाफेचा दाब चढतो. म्हणून अलीकडच्या कारमध्ये ही वाफ बाहेर न सोडता नळीनं एका डब्यात नेतात. त्यात कोळशाचे दाणे असतात, ते वाफ धरून ठेवतात आणि इंजिन चालू असताना ती वाफ जळून जाते. ही सगळी व्यवस्था झाकण घट्ट बसण्यावर अवलंबून आहे. झाकणात व्हॉल्व्ह असतात: टाकीत पोकळी झाली तर हवा आत घेणारा आणि दाब फार चढला तर तो सोडणारा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ही गळती तपासणारी यंत्रणा आली, तिथं झाकण ढिलं राहिलं तरी डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागू शकतो. आपल्याकडं मात्र त्या दिव्याच्या भरवशावर राहू नये, नाकावर राहावं. टाकी फुल केल्यावर मागच्या बाजूला वास येत असेल तर झाकण आधी बघावं.

दुकान माझ्याकडं आलं तेव्हा बाजारात ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ म्हणून स्वस्त झाकणं आली होती. दिल्लीच्या कश्मिरी गेटच्या मालात ती पोत्यानं मिळत. मी नमुने मागवून काउंटरवर गाड्यांना लावून बघितले. आटे धरायचे, झाकण फिरायचं, पण पॅकिंग नळीच्या काठावर सगळीकडून टेकत नव्हतं. काहींना तर जुन्या जीपसारखं उघडं भोक होतं. ती बंदिस्त टाकीच्या कारला लावायची म्हणजे वाफ थेट बाहेर. मी तो माल ठेवलाच नाही. काही गॅरेजवाले रागावले, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. पेट्रोलची वस्तू अंदाजपंचे विकू नये.

आमच्या काउंटरवर झाकण तपासायची रीत ठरलेली आहे. पॅकिंगवर अंगठा फिरवायचा: कडक झालंय का, बारीक चिरा आहेत का, एका बाजूला चेपलंय का. मग टॉर्च धरून टाकीच्या तोंडाचा काठ बघायचा. तिथं गंज किंवा पोचा असेल तर नवं झाकणही उपयोगाचं नाही. झाकण लावून फिरवायचं, टक टक आवाज येऊन हातात सुटं फिरलं पाहिजे. आवाज न येता नुसतंच फिरत असेल तर आतली खाच झिजली. पॅकिंग कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसलं की पुरे. त्याला ग्रीस किंवा व्हॅसलीन लावू नका, काही रबर त्यानं फुगतं.

आणखी एक जागा कुणी बघत नाही. बाहेरची छोटी झडप उघडली की झाकणाखाली जो खळगा दिसतो, त्याच्या तळाला पावसाचं पाणी जायला भोक असतं. आपल्याकडच्या काळ्या मातीनं ते हमखास बुजतं. मृगाच्या पहिल्या पावसात पाणी साचून झाकणाभोवती उभं राहतं आणि पॅकिंग थकलेलं असेल तर टाकीत उतरतं. गाडी धुताना तिथं बोट घालून चिखल काढावा, एवढंच काम आहे.

पंपावरची राउंड फिगरची सवयही सोडा. नोझल आपोआप बंद झाल्यावर वरून कोंबलेलं पेट्रोल वाफेच्या नळीत शिरतं आणि तो कोळशाचा डबा निकामी करतं. झाकणाची किंमत त्यापुढं काहीच नाही.

२०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्या हिशेबानं बनवलेले असतात, जुन्यांचं रबर तपासायला लागतं. त्यामुळं जुन्या गाडीला पॅकिंग देताना आम्ही साधं रबर देत नाही, वायटॉनचंच, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचं देतो. जरा महाग पडतं.

आता काउंटर माझी मुलगी बघते. मेकॅनिक फोनवर फोटो पाठवतात, ती गाडीचं साल आणि झाकणाची आतली बाजू दाखवायला सांगते. वरून सगळी काळी झाकणं एकसारखीच दिसतात, फरक आतल्या दातांत असतो. उदगीर, अहमदपूरला माल एसटीच्या पार्सलनं जातो. चावीचं झाकण हवं असेल तर दोन्ही चाव्या लावून दाखवल्याशिवाय ती ते बांधत नाही.

दुकानात येताना जुनं झाकण बरोबर आणा, मोडकं असलं तरी चालेल. नुसतं पॅकिंग गेलं असेल तर आम्ही पॅकिंगच देतो, नवं झाकण गळ्यात मारत नाही. आणि ट्रॅक्टरवाल्यांनी राशीच्या आधी एक चक्कर मारावी, भोक मोकळं करून द्यायचे पैसे अजूनही घेत नाही.